पोरीच्या हळदीला मिठातली कोंबडी

"आमच्याकडे शेजवान चटणी नाही." माझ्या अख्ख्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं असेल तर हे. त्याच्या खालोखाल, "नाही हो, हॉटेल चायनीजचंच आहे. ही बाई, हे काका आणि ते म्हातारे आजोबा, तिघं खरे चायनीज आहेत," हे.

मी एका चायनीज हॉटेलात ऑर्डर घेणारी बाई होते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मागच्या वर्षी घरी बसले. आता शेजारीण विचारते, "वंदनाताई, एवढी वर्षं तिथे केलंत काय?" तिला वाटतं, वहीत 'दोन फ्राइड राइस' लिहायला काय लागतं! म्हटलं, लिहूनच काढावं.

हॉटेल ठाकुर्लीत. आठ टेबलं, एक गल्ला, आत भट्टी. पाटीवर इंग्रजीत भलतंच लांबलचक नाव होतं, पण अख्खी ठाकुर्ली त्याला 'आंटीचं' म्हणायची. आंटी म्हणजे ली आंटी. त्यांचे मिस्टर ली अंकल भट्टीवर. आणि अंकलचे वडील, ज्यांना घरातले सगळे आकुंग म्हणायचे. आकुंग म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मग मीही आकुंगच म्हणायला लागले. ही मंडळी कलकत्त्याहून आलेली. आकुंग तर लहानपणी बोटीत बसून चीनमधून कलकत्त्याला आलेले. जातीने, म्हणजे आपण जात म्हणतो तसं काहीतरी, ते हक्का. हक्का हे माणसांचं नाव आहे हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, हक्का म्हणजे नूडल्स.

मी माहेरची वर्तकनगरची, सासर आंबिवलीचं. ठाकुर्लीला बहिणीकडे गेलेले, तेव्हा हॉटेलच्या काचेवर 'ऑर्डर घ्यायला लेडीज पाहिजे' असा कागद दिसला. सहज आत गेले. आंटींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "झगडा करता येतो?"

"कोणाशी?"

"गिऱ्हाईकशी. पण झगडा करके पण तो पळाला नाय पायजे."

मी म्हटलं, आमच्या चाळीत पाण्यावरून भांडून त्याच बाईने संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावलं की चहा प्यायला जायचो आम्ही. हळदीकुंकू आम्ही बौद्ध करत नाही, पण चहाला कोण सोडतो! आंटी हसल्या आणि मला नोकरी मिळाली. सासूबाई मात्र बिथरल्या. सुनेने हॉटेलात काम करायचं? मी सांगितलं, "आई, त्यांच्या गल्ल्याच्या वर बुद्धाची मूर्ती आहे. रोज उदबत्ती लावतात." सासूबाई गप्प झाल्या. मूर्ती खरंच होती. तिच्यासमोर ते रोज कपभर चहा आणि एक संत्रं ठेवायचे, हेही सांगितलं. संत्र्याचं ऐकून तर त्यांचं फारच चांगलं मत झालं.

आता धंद्यातलं थोडं सांगते. आपल्याकडे नाक्यानाक्यावर गाडीवर जे चायनीज मिळतं ते लाल. भात लाल, नूडल्स लाल, सूप लालसर काळं. आंटींकडे लाल असं काही नव्हतंच. अळकुडी उकडून, पिठात मळून, मधे अंगठ्याने खळगा पाडलेल्या गोळ्या असायच्या, जाड मण्यांसारख्या. त्या परतायच्या. कारल्याच्या चकत्यांत खिमा भरून वाफवलेला. तोफूच्या पोटात खिमा. आणि सगळ्यात वरचा पदार्थ म्हणजे मिठातली कोंबडी. अख्खी कोंबडी कागदात गुंडाळायची, कढईत जाडं मीठ धगधगीत तापवायचं, त्या मिठात कोंबडी पुरायची आणि झाकण घालून विसरून जायचं. तासाभराने बाहेर काढली की मांस हाडावरून आपोआप सुटायचं. खारट अजिबात नाही. पण दिसायला पांढरीफटक. ना तिखट, ना रंग, ना वर भुरभुरलेली कोथिंबीर.

ऑर्डर घेणारीचं काम म्हणजे हे पांढरं जेवण लाल जेवण मागणाऱ्या माणसाच्या गळी उतरवणं. माणूस खुर्चीत कसा बसतो त्यावरून मला कळायचं. मेनूकार्ड न उघडता "ट्रिपल शेजवान" म्हणणारा असेल तर त्याला आधी नूडल्स द्यायच्या, त्या सगळ्यांना आवडतात. बायकोकडे बघून "तू काय घेणार?" म्हणणारा असेल तर बायकोशीच बोलायचं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर कारलं सुचवायचं, ती खूष होतात. कॉलेजची पोरं असतील तर आंटींनाच पुढे करायचं. एकदा एक पोरगा ओरडला, "आंटी, इसमें कलर डालना भूल गये क्या?" आंटी गल्ल्यावरून तितक्याच जोरात ओरडल्या, "कलर होना तो होली में आना!" सगळं हॉटेल हसलं. तो पोरगा पुढे तीन वर्षं येत होता, आणि दर होळीला खरंच आंटींना रंग लावून जायचा.

डोंबिवलीचे एक निवृत्त बँकवाले काका होते, काकूंना घेऊन यायचे. खिशातून बारीक डबी काढायचे आणि आमच्या सगळ्या पदार्थांवर लसणाची सुकी चटणी भुरभुरायचे. मी सांगायला गेले तर म्हणाले, "अहो, तुमचं जेवण उत्तम आहे, पण माझ्या जिभेला सोबत लागते." आंटी तरातरा आल्या. मला वाटलं, आता होणार. आंटींनी चिमूटभर चटणी उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घर से और लाना. हमको भी." पुढच्या वेळी काकूंनी बरणीच आणली.

असं सगळं मजेत चालू होतं. पण धंदा म्हणावा तसा नव्हता. लोक घरबसल्या मोबाइलवरून जेवण मागवायला लागले, आणि डब्यात भरून स्कूटरवर गेलेली मिठातली कोंबडी पोचेपर्यंत ओल्या रुमालासारखी होते. अंकलनी एकदा करून बघितलं आणि परत नाव काढलं नाही. त्यात आंटींचा मुलगा मायकल कॅनडात. दर आठवड्याला फोन. "ममी, इधर आ जाओ. उधर क्या रखा है?" एक दिवस आंटींनी मला बाजूला घेतलं.

"वंदना, तू दुसरा काम बघून ठेव. दिवाळीनंतर आम्ही जातो. दुकान बघायला माणूस येऊन गेला."

मी टेबल पुसायला लागले, जे आधीच पुसलेलं होतं.

"आणि आकुंग?" मी विचारलं.

"आकुंगला कोण विचारतो? आकुंग जिधर टीवी, उधर खूष." पण हे म्हणताना आंटी माझ्याकडे बघत नव्हत्या.

याच दिवसांत बाळाशेठ आले.

बाळाशेठ म्हणजे खाडीकाठच्या एका गावातले आगरी गृहस्थ. बाप, आजा, पणजा सगळे मिठागरात राबलेले. आता बाळाशेठचे रेतीचे ट्रक होते, गळ्यात जाड साखळी, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. चार माणसांना घेऊन बसले आणि म्हणाले, "बाय, लाल भात आन. आन मोठी कोंबरी आन."

मी माझं वाक्य म्हटलं, शेजवान नाही वगैरे, आणि मिठातली कोंबडी आणून ठेवली. बाळाशेठ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"ये बाय, ही आजारी व्हती काय?"

"खाऊन बघा शेठ. नाही आवडली तर मी स्वतः बाहेरून लाल भात आणून देते."

त्यांनी तंगडी ओढली, ती हातात आली. एक घास खाल्ला. मग दुसरा. मग बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. बरोबरची माणसं थांबून बघत होती. शेठ उठले आणि सरळ किचनच्या दाराशी गेले. आत जायला आंटी कोणाला द्यायच्या नाहीत, पण या माणसाला अडवायला माझी हिंमत झाली नाही.

"कुनी केली?" शेठनी विचारलं. अंकलनी घाबरत हात वर केला.

"मीठ कनचा हाय?"

अंकलनी दुकानातून आणलेली जाड्या मिठाची पिशवी दाखवली. शेठनी चिमूट तोंडात टाकली आणि तोंड असं वाकडं केलं की आंटी पुढे सरसावल्या.

"काय हुआ? खराब है?"

"खराब नाय. मेलेला हाय," शेठ म्हणाले. "थांब. मी आनताव."

आणि चौथ्या दिवशी खरंच आणलं. त्यांच्या मेव्हण्याच्या मिठागरातलं, करड्या रंगाचं, किंचित ओलं खडेमीठ. भरलेलं पोतं त्यांच्या ट्रकवाल्याने आमच्या दारात आपटलं. त्या दिवशीची कोंबडी मी आयुष्यात विसरणार नाही. तिला एक गोडवा आलेला. अंकलनी पहिला तुकडा आकुंगना दिला. आकुंग टीव्ही बघत होते. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि रिमोट खाली ठेवला. टीव्ही चालू असताना आकुंगनी रिमोट खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मग बाळाशेठ दर आठवड्याला यायला लागले. आणि एक दिवस खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "आंटी, पोरीचा लगीन ठरला. पुढचे म्हैन्यान हलद हाय. हलदीला सगला गाव जेवतो. मना हीच कोंबरी पायजे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, डीजे, नाच, आणि जेवायला गाव लोटतं. आमच्या भट्टीवर एका वेळी चार कोंबड्या व्हायच्या.

"किती?" अंकलनी विचारलं.

"दीडशे तरी."

अंकल आत निघून गेले. आतून कढई आपटल्याचा आवाज आला. आंटी म्हणाल्या, "नाही होणार शेठ. हम छोटा आदमी."

"मीठ मी देताव. टेम्पो भरून देताव. मानसं देताव. चुली देताव. तुमी फकस्त करा."

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "करेगा."

आकुंग. टीव्हीकडेच बघत म्हणाले. आंटी त्यांच्या भाषेत काहीतरी भराभरा बोलल्या. आकुंग परत म्हणाले, "करेगा." मग आंटींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला एकदम काहीतरी चमकलेलं दिसलं.

"वंदना," त्या म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा पोटभर लोकांना आपला जेवण खिलवू. बस, एक बार. मग जाऊ."

पुढचा महिना आम्ही वेड्यासारखे वागलो. अंकल कागदावर चित्रं काढायचे आणि फाडायचे. शेवटी ठरलं की मांडवाच्या मागे शेतात लांब चर खणायचा, आत विटा आणि पत्रे लावायचे, मोठमोठ्या कढयांत मीठ तापवून त्या चरात ओतायचं, वर कागदातल्या कोंबड्या, वर परत तापलेलं मीठ, वर गोणपाट. बाळाशेठना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी चर लगेच खणून टाकला, हळदीच्या तीन आठवडे आधी. त्यात गावातल्या बकऱ्या पडायला लागल्या, तेव्हा बुजवला आणि परत खणला.

आणि कपडे! शेठच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना हळदीसाठी एकसारखे पोपटी शर्ट, बायकांना पोपटी साड्या शिवून-आणून झाल्या होत्या. शेठनी आमचीही मापं नेली. अंकलचा, आकुंगचा शर्ट, आंटीला आणि मला साडी. आंटी आयुष्यात साडी नेसल्या नव्हत्या. मी हॉटेलातच टेबलं सरकवून त्यांना नेसायला शिकवलं. त्या चार पावलं चालायच्या आणि निऱ्या सुटायच्या. "ये कपडा है या फटाका?" आम्ही दोघी इतक्या हसलो की गिऱ्हाईक दार उघडून परत गेलं.

हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही गावात पोचलो. कोंबड्या साफ होऊन आलेल्या, परातींत रचलेल्या. अंकल चुली बघायला गेले, आंटी आणि मी जरा चहाला बसलो. आकुंग खुर्चीत. चहा पिऊन परत येतो तर काय! बाळाशेठची आई, हिराआय, लुगड्याचा काचा मारून परातींसमोर बसलेली. कोपरापर्यंत दोन्ही हात पिवळे. बाजूला तीन बायका, त्यांचेही हात पिवळे. निम्म्याहून जास्त कोंबड्यांना हळद चोळून झालेली. आणि हिराआयच्या मांडीशी लाल मसाल्याची बरणी, झाकण नुकतंच उघडलेलं.

"आजी, हे काय केलंत?" मी किंचाळलेच.

"काय केला म्हंजे?" हिराआय शांतपणे म्हणाली. "हलदीचे घरान पांढरी कोंबरी नेतान? नातीचा संसार काय पांढरा करावाचा हाय?"

आंटींना सगळे शब्द कळले नाहीत, पण परात कळली. त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ज्या पदार्थाला त्यांनी कोणाला बोट लावू दिलं नव्हतं, एक दाणा तिखट पडू दिलं नव्हतं, तो समोर पिवळाधमक होऊन पडलेला. दुसऱ्या कोंबड्या आता मिळणार नव्हत्या, दुपारी पुरायच्या होत्या. आंटी विटेवर बसल्या. निऱ्या सुटल्या, त्यांनी लक्षही दिलं नाही.

"वंदना, गाडी बोलाव," त्या म्हणाल्या. "हम जाता."

बाळाशेठ धावत आले. आईला म्हणाले, "आये, तू काय क्येलास?" आई म्हणाली, "मी तुला पन अशीच हलद लावून वारवला!" अंकल हातात फावडं घेऊन नुसते उभे.

आकुंग खुर्चीतून उठले. काठी टेकत परातीपाशी आले. एक पिवळी कोंबडी उचलली, नाकाशी धरली. मग त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मेरा माँ भी पीला करता था."

त्यांनी कोंबडी परत परातीत ठेवली.

"गाँव में," आकुंग म्हणाले. "शादी का मुर्गी पीला. नमक, अदरक, हल्दी. सफेद नहीं. सफेद तो मैयत में."

मी हिराआयला सांगितलं, हे आजोबा म्हणतात की त्यांच्यातही पांढरं मयताला. हिराआयने आंटींकडे असं बघितलं की बघ, मी काय म्हणत होते!

अंकल त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडले. आंटींनी मला नंतर सांगितलं, ते विचारत होते की मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? आणि आकुंगनी उत्तर दिलं की तुझी आई कलकत्त्याची, ती बिनहळदीची करायची, मी एकदा हळद म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही, मग मी कशाला परत बोलतोय!

आंटी आधी ऐकत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. इतकं हसत होत्या की विटेवरून घसरून मातीत बसल्या, आणि त्यांना बघून हिराआय हसायला लागली, मग आम्ही सगळेच.

आकुंग हिराआयच्या शेजारी बसले आणि उरलेल्या कोंबड्यांना स्वतः हळद आणि किसलेलं आलं चोळायला लागले. हिराआयचा हात बरणीकडे गेला तसं त्यांनी झाकण उचललं, घट्ट लावलं आणि बरणी तिच्या मांडीवर ठेवली. "ये नहीं."

"बरा, बरा," हिराआय म्हणाली. "म्हातारा लय कडक हाय."

दुपारी मीठ तापलं. मिठागरात काम केलेली गावातली माणसं फावड्यांनी मीठ ओढत होती. कढईत मीठ तडतडायचं, मग चरात ओतलं की वाफेचा ढग उठायचा. बायकांनी कोंबड्या कागदात गुंडाळून दिल्या. पुरल्या, झाकल्या. आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. अंकल चराच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. मांडवात डीजे सुरू झालेला, जमीन हादरत होती. अंकल मला म्हणाले, "वंदना, कच्चा निकला तो?" आयुष्यात त्यांनी चार कोंबड्यांपेक्षा जास्त एकदम कधी केल्या नव्हत्या. कच्च्या निघाल्या तर सगळं गाव उपाशी, तेही हळदीच्या घरी, आणि जन्मभर त्यांच्या नावाने ओरडणार. मी म्हटलं, "नाही निघणार." मला काय माहीत होतं! पण ऑर्डर घेणाऱ्या बाईला खात्रीने बोलायची सवय असते.

ऊन उतरलं तेव्हा बाळाशेठनी डीजे थांबवला. माईकवरून सांगितलं, "मंडली, जरा हिकरं या." सगळं पोपटी गाव चराभोवती जमलं. दोघांनी फावड्याने मिठाचा कडक थर फोडला. अंकलनी पहिलं पुडकं उचललं, हातावर झेललं, कागद फाडला. कोंबडी सोन्यासारखी पिवळी. त्यांनी तंगडी धरून पिळली. ती अलगद सुटली, रस स्वच्छ, म्हणजे आतपर्यंत शिजलेली. अंकलनी ती हिराआयपुढे धरली.

पहिला घास हिराआयने घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चावलं. परत चावलं. आणि मग आंटींच्या गालाला पिवळा हात लावून म्हणाली, "बाय, ही तर आमचीच हाय!"

मग जो गलका उठला तो काय सांगू! डीजे परत सुरू झाला. दीडशे कोंबड्या कुठे गेल्या कळलं नाही, हाडंसुद्धा दिसेनात. पोरीला, प्राचीला, हळद लावायला बायका बसल्या, म्हाताऱ्या धवले गायला लागल्या. धवले म्हणजे त्यांची लग्नातली गाणी. त्यात घरच्यांची, सोयऱ्यांची नावं गुंफतात. मी कान देऊन ऐकलं तर त्यात 'ली' आला! कुठल्या देशाचा, बोटीने आला, मिठात कोंबडी घेऊन आला, असं काहीतरी त्या तिथल्या तिथे जोडत होत्या. मी आंटींना अर्थ सांगितला. आंटींनी मला तीनदा परत सांगायला लावला.

आणि आकुंग नाचले. पोपटी शर्ट, कपाळाला हळद, काठी वर धरून, दोन्ही बाजूंना बाळाशेठचे दोन दणदणीत पुतणे. डीजेचा ठोका एक आणि आकुंगचे पाय दुसऱ्याच कुठल्या तालावर, पण थांबायचं नाव नाही. मी मोबाइलवर शूटिंग केलं. माझा हात हसून इतका हलला की चित्रात अर्धा वेळ आभाळच दिसतं. तरी मी ते मायकलला पाठवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, "आकुंग? ये हमारा आकुंग है?"

आकुंग त्यानंतर दीड वर्षाने गेले. बसल्या जागी, टीव्ही चालू असताना. मला एकाच गोष्टीची चुटपुट लागून राहिली आहे. इतकी वर्षं मी त्यांना चहा दिला, संत्रं दिलं, रिमोट शोधून दिला, पण तुमच्या आईच्या हातचं अजून काय काय आठवतं, हे कधी विचारलं नाही. त्यांच्या पोटात अजून किती पदार्थ होते कोणास ठाऊक. हळदीच्या त्या दिवसापासून मात्र हॉटेलातली कोंबडी पिवळी झाली ती आजतागायत. आणि अंकलच्या आई वरून बघत असतील तर त्या आकुंगशी परत बोलत नसतील.

पण मला सांगायचाय तो हळदीनंतरचा सोमवार. सोमवारी हॉटेल बंद असायचं. दुकान बघून गेलेला माणूस त्या दिवशी दुपारी शेवटचं बोलायला येणार होता. मी भांडी मोजून ठेवायला आलेले. आंटी गप्प गप्प, कपाटं रिकामी करत होत्या. एवढ्यात दार ढकलून हिराआय आत आली. बरोबर नातू नाही, मुलगा नाही, एकटी. पाठीला पिशवी. मला म्हणाली, "कय हाय ती?" मी आत बोट दाखवलं.

मी म्हटलं ना, किचनमध्ये आंटी कोणाला जाऊ द्यायच्या नाहीत. हिराआय विचारायला थांबली नाही. आत गेली, काचा खोचला, पिशवीतून चिंबोऱ्या काढल्या, जिवंत, सुतळीने बांधलेल्या. कट्ट्यावर ठेवल्या आणि आंटींना खुणेने सांगितलं, हे तू मला तुझ्या पद्धतीने करून दाखव, मग मी तुला माझ्या पद्धतीने दाखवते.

आंटी चिंबोऱ्यांकडे बघत राहिल्या. एक सुतळीतून सुटली आणि कट्ट्यावरून चालायला लागली. दोघींनी एकदमच तिच्यावर हात टाकला.

थोड्या वेळाने आतून भांडण ऐकू यायला लागलं. एक आगरीत, दुसरी हक्कात. आलं किती घालायचं यावरून असावं. मधेच हिराआयचा आवाज, "नाय, नाय, नाय!" मधेच आंटींचं "अरे बाबा, सुनो तो!" मग भट्टीचा भडका आणि खेकड्याचा तो वास. अंकल दाराशी उभे राहून आत डोकावत होते, त्यांना दोघींपैकी कोणीच आत घेत नव्हतं.

गल्ल्यावरचा फोन वाजला. मायकल. मी आंटींना हाक मारली. आंटी हात पुसत आल्या, कपाळावर घाम, गालाला आल्याचा कीस चिकटलेला. पलीकडून मायकल तिकिटांचं काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत होतं. आत हिराआय मोठ्याने काहीतरी ओरडली आणि एक झाकण जमिनीवर पडून गरगर फिरलं.

आंटींनी एकदा किचनकडे बघितलं.

"बाद में, बेटा," त्या म्हणाल्या. "अभी नहीं आ सकता. घर में मेहमान आया है." आणि फोन ठेवून धावत आत गेल्या.